फूड प्रोसेसर आणि आईचं मनगट

तर झालं असं, की जूनमध्ये आई साताऱ्याच्या घरी बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बाबा गेल्यापासून ती तिथे एकटीच राहते, त्यामुळे "मी बघेन माझं" वगैरे बोलण्याकडे दुर्लक्ष करून तिला सरळ वाकडला आमच्याकडे घेऊन आलो.

आमच्याकडे म्हणजे काय, तर बायकोची संध्याकाळची शिफ्ट, माझा घरी यायचा काही नेम नाही, आणि पोळ्यांना येणाऱ्या मावशी नेमक्या पेरणीसाठी गावी गेलेल्या. पहिले चार दिवस डबे मागवले. पाचव्या दिवशी रात्री साडेनऊला घरी आलो तर आई ओट्यापाशी उभी. परात प्लास्टरच्या कोपराने दाबून धरलेली आणि डाव्या हाताने कणीक मळणं चाललेलं. परात सरकत होती, ती परत ओढून घेत होती. मला बघून म्हणाली, "झालंच. तू हातपाय धुऊन घे."

त्या रात्री झोपायच्या आधी फूड प्रोसेसर ऑर्डर केला. इंजिनिअर माणसाला वाईट वाटलं की तो काहीतरी विकत घेतो, हे आमच्या घरातलं जुनं निरीक्षण आहे. (निरीक्षक अर्थात बायको.)

तिसऱ्या दिवशी खोकं आलं. आत एक मोठं भांडं, स्टीलचं धारदार पातं, कणकेसाठी बोथट प्लास्टिकचं पातं, किसायची चकती, काप करायची चकती आणि वरच्या नळकांड्यातून भाज्या आत ढकलायचा दट्ट्या. सगळं जोडलं, बटण फिरवलं. ढिम्म. प्लग बदलला, माहितीपत्रक दोनदा वाचलं. शेवटी खुर्चीतून आई म्हणाली, "झाकण नीट बसलंय का रे?" नव्हतं बसलं. झाकण खटकन अडकल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही, बोटं सलामत राहावीत म्हणून तशीच सोय केलेली असते. कुकर चाळीस वर्षं वापरलेल्या बाईला ते आधी सुचलं, बीई झालेल्या मुलाला नाही. असो.

पहिली कणीक चांगली झाली. प्रमाण सांगतो, कारण माहितीपत्रकात धड काही नसतं. दोन मध्यम वाट्या म्हणजे साधारण २५० ग्रॅम पीठ, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल. आधी पीठ आणि तेल दहा सेकंद फिरवायचं. मग कमी वेगावर ठेवून वरून बारीक धारेने पाणी, सुमारे १५० मिली. गिरणीतल्या पिठाला थोडं कमी-जास्त लागतं, म्हणून शेवटचे दोन-तीन चमचे जपून. मिनिट-दीड मिनिटात गोळा होतो. एकदम जास्त पीठ घातलं तर मोटर दमून बंद पडते. माझी पडली. जळली म्हणून घाम फुटला होता, पण प्लग काढून थोडा वेळ थांबायचं आणि खालच्या बाजूला असलेलं छोटं लाल बटण दाबायचं. ते त्याचसाठी असतं.

पोळ्या मी लाटल्या, त्यांच्या आकाराबद्दल इथे बोलणार नाही. आई जेवली, "बरी झालीय कणीक" म्हणाली, आणि हात धुताना सहज म्हणावं तसं म्हणाली, "प्लास्टर निघालं की मला साताऱ्याला सोड. इथे माझं काय काम आहे आता?"

मला वाटलं होतं मी प्रॉब्लेम सोडवला. सोडवला होताच. फक्त तो तिचा प्रॉब्लेम आहे का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

पुढचा आठवडाभर मी प्रोसेसरमध्ये दिसेल ते घातलं. नवीन खेळणं! कोबी स्टीलच्या पात्याने फिरवला, त्याचा ओला भुसा झाला. कांदे अर्धं मिनिट सलग फिरवले, तर पाणी सुटून कडवट लगदा. धुतलेली कोथिंबीर तशीच टाकली, हिरवा चिखल. उकडलेले बटाटे वड्याच्या सारणासाठी फिरवले, त्याची चक्क पतंगाला लावायची खळ झाली. आई खुर्चीत बसून बघत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. जी बाई माझ्या चहातल्या आल्यावरही मत देते, ती गप्प! हे मला मनगटापेक्षा जास्त काळजीचं वाटायला लागलं.

मग आली संकष्टी. बायकोचा उपास, साबुदाणा भिजवलेला. मी भाजलेले दाणे प्रोसेसरमध्ये टाकले, बटण फिरवलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा दाण्यांना तेल सुटून भांड्याच्या कडेला लोण्यासारखा चिकट थर बसला होता. खिचडीचा खेळ खलास. मी तो चमच्याने खरवडून कचऱ्याच्या डब्याकडे निघालो.

"थांब," आई म्हणाली. "टाकतोस काय? आमटी कर त्याची."

आणि मग आई सुरू झाली. दाण्याची आमटी. त्या लगद्यात पाणी घालून सारखं कर, तुपात जिरं आणि हिरवी मिरची, आमसुलं दोन, गुळाचा खडा, मीठ, उकळी आली की मंद कर, नाहीतर फुटेल. डब्यात वरीचे तांदूळ असतील, ते धू. वीस मिनिटांत वरीचा भात आणि आमटी तयार. बायको म्हणाली, "आई, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत? खिचडीपेक्षा छान लागतंय." आई म्हणाली, "अगं, मला कुणी विचारलं?"

लागलं ते. बरोबर जागी लागलं.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची ओट्याजवळ आणली. म्हटलं, "मी बटण दाबतो, तू सांग." मी मोबाइलवर सेकंद मोजत होतो. पुन्हा दाणेच घेतले. आईने पहिली सूचना दिली, की भाजलेले दाणे पूर्ण गार होऊ दे, सालं चोळून पाखडून घे. मग म्हणाली, "सारखं फिरवू नकोस. दाब, सोड. दाब, सोड." ज्याला माहितीपत्रकात पल्स म्हणतात ते हेच. दोन वाट्या दाण्यांना आठ-दहा झटके. मध्ये एकदा झाकण काढून तळाचं वर करायचं. कूट जाडसर, मोकळं, अगदी खलबत्त्यातल्यासारखं.

कणकेच्या वेळी तर गंमतच झाली. मी घड्याळाकडे बघत होतो, पन्नास सेकंद झाले होते. आई खिडकीबाहेर बघत बसलेली. एकदम म्हणाली, "झालं. बंद कर." मी म्हटलं, अजून चाळीस सेकंद आहेत. "अरे, आवाज बदलला की!" आणि खरंच, आधी नुसती घरघर होती, आता गोळा भांड्याच्या कडेवर आपटून धप धप असा आवाज येत होता. पीठ कोणतं, पाणी किती, हवा किती दमट, यावर तो क्षण रोज वेगळा येतो. मी एक्सेलमध्ये सेकंदांचा तक्ता करत होतो (हसू नका) आणि आईने दोन दिवसांत मशीनची भाषा शिकून घेतली होती. त्याच्याही पुढे काही सेकंद फिरवलं तर कणीक गरम होते आणि पोळी चिवट होते, हेही तिनेच सांगितलं. आता बंद झाल्यावर ती डाव्या हाताचं बोट गोळ्यात रुतवते. खड्डा हळूहळू भरून आला तर ठीक. मग तेलाचा हात लावून वीस मिनिटं झाकून ठेवायची.

मला तोपर्यंत प्रश्न पडायचा, की घरात मिक्सर असताना हे दुसरं यंत्र कशाला? थोडं वाचल्यावर कळलं, की दोघांची कुळंच वेगळी. भारतात साठच्या दशकात सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने घरातला जर्मन मिक्सर जळाल्यावर आपल्या वाटणांना पुरून उरेल असा 'सुमीत' मिक्सर बनवला. अरुंद भांडं, प्रचंड वेग, काम बारीक वाटायचं. फूड प्रोसेसर आला फ्रान्समधल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरातून. १९७३ मध्ये कार्ल सॉन्टहायमर या अमेरिकन इंजिनिअरने त्याचा घरगुती अवतार अमेरिकेत आणला. भांडं रुंद, काम चिरायचं, किसायचं, मळायचं. म्हणून इडलीचं पीठ, ओलं वाटण, चटणी हे मिक्सरलाच द्यावं. प्रोसेसरकडून चटणी मागितली तर तो रडतो आणि मिक्सरकडून चिरलेला कांदा मागितला तर आपण रडतो. आणि काय हो, दोन्ही गोष्टींमागे इंजिनिअर निघाले, हे मी घरात दोनदा सांगितलं. कुणीही प्रभावित झालं नाही.

गेले दोन महिने आमची शनिवार सकाळ ठरलेली आहे. भांडं मध्ये धुवावं लागू नये म्हणून क्रम आईने लावलाय, कोरड्याकडून ओल्याकडे. आधी दाण्याचं कूट. मग नुसतं पुसून खोबरं. नारळाचे तुकडे, पाठ सोलून, सात-आठ झटके, आणि डब्यात भरून फ्रीजरमध्ये. मग कोथिंबीर, पण आदल्या रात्री धुऊन पंचावर पसरून पूर्ण कोरडी केलेली, तीन-चार झटकेच. सगळ्यात शेवटी कांदा. एका कांद्याचे चार तुकडे, भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, एकेका सेकंदाचे चार-पाच झटके. तो त्याच दिवशी संपवायचा, ठेवला की वास मारतो. कोबीच्या भाजीला पातं नाही, काप करायची चकती. हलव्याच्या दिवशी किलोभर गाजरं किसायच्या चकतीने दोन-तीन मिनिटांत संपतात, हातावर किसणीचा ओरखडासुद्धा नाही. शेवटी कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घालून एकदा फिरवलं की निम्मं धुणं तिथेच होतं. कणीक मात्र ज्या-त्या दिवशी, आणि ते प्लास्टिकचं पातं लगेच धुवायचं. त्याच्या पोकळ दांड्यात कणीक वाळली की टूथपिक घेऊन बसावं लागतं.

गणपतीत मोदकांची उकडही त्यात मळली. गरम उकड, अर्धं मिनिट, मग तुपा-पाण्याचा हात लावून परातीत. बायकोचे तळवे पहिल्यांदाच लाल झाले नाहीत.

आणि काही गोष्टींना आई परवानगी देत नाही म्हणजे नाहीच. खमंग काकडीची काकडी चोचवायचीच. किसली की पाणी सुटतं आणि तो वेगळाच पदार्थ होतो. वड्याचे बटाटे हातानेच कुस्करायचे. मी एकदा वाद घातला. मला त्या खळीची आठवण करून देण्यात आली.

प्लास्टर ऑगस्टमध्ये निघालं. मनगट आखडलेलं, मूठ पूर्ण मिटत नव्हती. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी व्यायाम दिले, त्यात एक मऊ रबरी मातीचा गोळा दाबायचा होता. आईने तो गोळा दोन दिवस दाबला आणि ताईंना विचारलं, "ह्याच्याऐवजी कणीक चालेल का?" त्या हसल्या, म्हणाल्या, "चालेल, पण मऊ, आणि थोडीच."

तेव्हापासून मशीनमधून कणीक निघाली की त्यातला लिंबाएवढा गोळा आईचा. ती तो ताटलीत घेऊन टीव्ही बघता बघता मळत बसते. पहिल्या आठवड्यात बोटं नुसती टेकायची. मग लिंबाचं मोसंबं झालं. त्याची पोळी वेगळी करायची नाही, असा तिचा नियम आहे, मूळ गोळ्यात परत मिसळायची.

साताऱ्याचा विषय तिने परत काढला नाही असं नाही. काढला. पण आता म्हणते, "दिवाळीनंतर बघू. आणि ते मशीन मला तिकडे नको, मी एकटीच्या दोन पोळ्यांसाठी एवढं भांडं धुणार आहे का?"

गेल्या रविवारी मशीन धप धप करायला लागलं, मी आपणहून बंद केलं (हो, आता मलाही ऐकू येतं) आणि लिंबाएवढा गोळा काढायला गेलो. आई म्हणाली, "राहू दे. आख्खीच दे इकडे." परात घेतली, ओट्याशी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी शेवटची दोन मिनिटं कणीक तिंबली. मध्ये एकदा थांबून मनगट झटकलं. मी परात धरायला पुढे झालो, तर म्हणाली, "सरक, तवा तापव."