यमूचा संसार आणि अध्यक्षांचा फैसला

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत प्रेम नाही, आहे ती केवळ सुधारकांच्या दरबारी दाखल केलेली विधवेची कैफियत, असा फैसला एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत अध्यक्षांनी माझे भाषण संपताच दिला, आणि अध्यक्षीय समारोपानंतर कोणी बोलू नये असा संकेत असल्यामुळे आभारप्रदर्शन होऊन सभा उठली, याला आता पुष्कळ वर्षे लोटली. तरी तो सल गेलेला नाही. मतभेदाचे मला वैषम्य नव्हते. परंतु कादंबरीची नायिका यमू आणि तिचा नवरा रघुनाथराव यांच्या सहजीवनासंबंधी मी जे विस्ताराने मांडले होते, त्यातील एकाही मुद्द्याला स्पर्श न करता मराठी कादंबरीत प्रेम आले ते फडक्यांच्या लेखणीतून, असे त्यांनी सांगून टाकले आणि ज्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकले होते त्याच श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. वक्त्याला प्रत्युत्तरासाठी पाच मिनिटे देण्याचा रिवाज प्रत्येक व्याख्यानमालेने पाडावा, असे मला तेव्हापासून कळकळीने वाटत आले आहे.

ही कथा हरिभाऊंच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून 1890 पासून क्रमशः येऊ लागली, तेव्हा संमतिवयाचा वाद पेटलेला होता आणि 1891 च्या कायद्याने ते वय दहावरून बारा केले. ज्या घरात वडीलधाऱ्यांदेखत नवराबायकोने एकमेकांशी शब्द बोलणे हाही मर्यादाभंग, तेथे प्रणयाचे उद्गार शोधणाराच भलत्या ठिकाणी शोधतो. यमूला लिहिणेवाचणे यावे म्हणून तिच्या नवऱ्याने दाखविलेली चिकाटी, आणि मुंबईच्या स्वतंत्र बिऱ्हाडात, जिथे चार लोकांत बोलण्याचीही तिला मुभा मिळाली, तिचे हळूहळू धीट होत जाणे, हे प्रेम नव्हे तर काय?

माझ्या वडिलांच्या आत्याला, जिला आम्ही मुले आत्याआजी म्हणत असू, मी ही कादंबरी दुपारी वाचून दाखवीत असे. ती केशवपन झालेली, जन्मभर आलवण नेसलेली. सासरी नांदायला जाण्यापूर्वीच वैधव्य आल्यामुळे नवऱ्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर सासरचे शंकरमामंजी यमूचे बळजबरीने केशवपन करवितात तो प्रसंग आला, तेव्हा माझाच आवाज अडखळला. ती मात्र निश्चल होती.

“ते मला ठाऊक आहे रे,” ती म्हणाली. “तू ते मुंबईचं बिऱ्हाड पुन्हा वाच.”

मी वाचले, पुढेही अनेकदा वाचले, आणि दर वेळी मध्येच थांबवून ती विचारी, “चुकली तरी तो तिच्यावर ओरडत नाही?” तिला या पुस्तकात रडायला जागा हवी असेल, ही माझी समजूत होती. तिला हवी होती ती नांदायला जागा. घरातली ही गोष्ट चारचौघांत सांगणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून सभेत तिचा उच्चार मी केला नव्हता.

मात्र अलीकडे पुन्हा वाचताना माझे मन पूर्वीसारखे निःशंक राहत नाही. यमूचे शिकणे, बाहेर पडणे, बोलणे, सारे नवऱ्याच्या मुखत्यारीतले. रघुनाथराव गेल्याबरोबर मामंजींच्या हुकमापुढे तिचे एक अक्षर उपयोगी पडत नाही. जे प्रेम देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर असे जप्त होते, त्याला समानांचे प्रेम म्हणावे की सज्जन धन्याची कृपा म्हणावे? अध्यक्षांचे म्हणणे मला आजही मान्य नाही, पण माझे तेव्हाचे भाषणही मला आज जसेच्या तसे करता येणार नाही. यमूची मैत्रीण दुर्गी तिच्यासारखीच, कोणी काही न विचारता दिलेली. तिच्या वाट्याला मात्र दुर्वर्तनी नवरा आला. या कादंबरीवर बोलणाऱ्याने दुर्गीची प्रकरणे वगळून रघुनाथरावांची थोरवी सांगू नये, कारण दोघींना उजवणारी रीत एकच होती आणि त्या रीतीने रघुनाथरावांची हमी यमूलाही दिलेली नव्हती.