आमची हेराल्ड आणि तिचे सांधे

मोटारीच्या शास्त्रांत आम्ही अगदींच अनधिकारी आहों, हें अमरावतीच्या आमच्या स्नेहमंडळींस पक्कें ठाऊक आहे. तरी पन्नाशी उलटल्यावर आम्हीं एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड दारीं आणून बांधली, आणि वर्गांत शेक्सपिअर शिकवून आलों कीं तिच्या उघड्या बॉनेटखालीं डोकें खुपसून उभे राहूं लागलों.

ही गाडी मद्रासेस 1961 पासून होऊं लागली. तिचें माहेर इंग्लंडांतील ट्रायम्फकडे. तिचाच सांगाडा आखूड करून 1962 सालीं तिकडे स्पिटफायर नांवाची दोन आसनांची स्पोर्ट्स कार निघाली. दोघींची आकृति मिकेलोत्ती या एकाच इटालियन कलावंताच्या हातची. तेव्हां आमची हेराल्ड ही एका नखरेल धाकटीची शालीन थोरली बहीण होय, असें आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असूं. धाकटीच्या पुढच्या चाकांना डिस्क-ब्रेक, आमच्या थोरलीच्या चारी चाकांना ड्रम, हा भेद आम्हांस केवळ शोभेचा वाटे.

तो तसा नाहीं, हें मूर्तिजापूरजवळ कळलें. जून 2022 मध्यें 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अखंड अंथरून या अमरावती-अकोला रस्त्यानें गिनीजच्या पुस्तकांत नांव मिळविलें. असा रस्ता लाभल्यावर म्हातारी गाडीहि वय विसरते, मग प्राध्यापकाची काय कथा! कापसाची बैलगाडी आडवी आली. आम्हीं ब्रेक दाबला, तों गाडी उजवीकडे ओढ घेऊं लागली. दोन हातांचें अंतर राहिलें. शेजारीं आमची कन्या होती. बोरगांव मंजू येईपर्यंत ती एक शब्दहि बोलली नाहीं.

ड्रममध्यें शू आंतून बाहेर दाबले जातात. ड्रम तापला कीं फुगून शूपासून दूर सरतो, आणि एका बाजूचा शू अधिक चावला तर गाडी तिकडे वळते. डिस्क उघड्या वाऱ्यांत फिरते आणि दोन्ही अंगांनीं चिमटींत धरली जाते. दोन तबकड्या आणून बसविल्या कीं झालें, असा आमचा समज होता. तो महाग पडला. चाकाचा उभा खांबहि बदलावा लागतो, कारण कॅलिपर बसवायला जुन्या खांबावर जागाच नसते. ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर आपणच घट्ट होत जातो. डिस्कला ती संवय नाहीं, म्हणून पायाला जोर अधिक लागतो. कॅलिपरचे दट्टे मोठे, त्यांना तेल जास्त लागतें, तेव्हां मास्टर सिलिंडरहि त्यांच्या मापाचा हवा. शिवाय ड्रमसाठीं नळींत थोडा दाब राखून ठेवणारी झडप असेल तर ती काढावी. नाहींतर पॅड डिस्कला घासतच राहतात. हें सारें आम्ही क्रमाक्रमानें, पैसे मोजीत शिकलों.

काम पुरें झाल्यावर मोठ्या ऐटींत आम्ही अकोल्याच्या आमच्या मिस्त्रीकडे गाडी दाखवावयास गेलों. त्यानें ब्रेक पाहून मान डोलावली, मग गाडीखालीं आडवा होऊन मागचें चाक हातानें पुढें-मागें हलविलें. खट्‌ असा आवाज झाला.

"सर, थांबते तं चांगली, पन मागचं चाक कशाच्या भरोशावर उभं हाय, ते पाह्यलं काय?"

ज्यास मिस्त्री क्रॉस म्हणतात, आणि इंग्रजींत रॉबर्ट हूकच्या नांवानेंहि ओळखतात, तो हा सांधा. चार भुजांचा एक लहानसा पोलादी तुकडा, प्रत्येक भुजेवर एक वाटी, आणि वाटींत सुयांएवढ्या बारीक लाटांचें बेअरिंग. हेराल्डच्या मागच्या प्रत्येक चाकाच्या शाफ्टला असा एकच सांधा असतो, आणि तो शाफ्ट चाक फिरवितो एवढेंच नव्हे, तर चाकाला जागेवर धरूनहि ठेवतो. इतर गाड्यांत सांधा तुटला तर गाडी बहुधा जागच्या जागीं अडते. येथें चाकच आपली वाट धरील. त्यांतून वळणावर ब्रेक जोरानें लागला कीं भार पुढें जातो, पाठ उचलली जाते आणि मागचीं चाकें आंत दुमडूं पाहतात. म्हणजे आमच्या नव्या ब्रेकांनीं त्या जुन्या सांध्याचें ओझें वाढवूनच ठेविलें होतें.

मिस्त्रीनें क्रॉस काढून वर्तमानपत्रावर उपडा केला. तीन वाट्यांतून सुया पडल्या. चौथींतून नुसती लाल भुकटी. ग्रीसचा निपल चिखलाच्या थराखालीं गडप झाला होता. पेट्रोलचा हिशेब आम्ही पैशापैशानें वहींत लिहीत असूं. ग्रीसची तारीख मात्र तींत एकदांहि नव्हती. हा दोष आमचा, आणि तो कबूल करतांना त्या ऐटीची लाज अजून वाटते.

दोन्ही बाजूंचे क्रॉस नवे बसविले. परततांना माना येथें रस्ता मोकळा पाहून आम्हीं मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी सरळ उभी राहिली. कन्येनें सीटचा कांठ घट्ट धरला होता. तो तिनें सोडला.

"बाबा, आतां चला," ती म्हणाली.