प्रकाशाची पेढी

डॉ. नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत हजारो काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा पाठवून दाखविली. १९५४ साली ‘नेचर’मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे शिकागोत संशोधकाचे मानाचे पद मिळाले. तरीही १९६० साली त्यांनी कॅलिफोर्नियात ‘ऑप्टिक्स टेक्नॉलॉजी’ ही कंपनी काढली. धाडसच म्हणावे! दूरवर प्रकाश नेणारा निर्मळ काचतंतू ‘कॉर्निंग’ने घडविला तो १९७० साली, तोवर दूरसंचाराचे गिऱ्हाईक येणार कोठून? मग नेत्रपटलावरील उपचारासाठी लेसरयंत्र घडविण्यात नेत्रतज्ज्ञांसह कपानी स्वतः गुंतले. १९६७ साली कंपनीचे भाग बाजारात आले. १९७३ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ‘कॅप्ट्रॉन’ ही दुसरी कंपनी उघडली.