स्थळाची चौकशी

पूर्वीच्या विद्यार्थ्यापुढें पुस्तक कोठून मिळवावें हा प्रश्न असे. आजच्या विद्यार्थ्यापुढें, जें हातीं आलें त्यांतलें खरें किती मानावें, हा प्रश्न आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस, पैनगंगेच्या खोऱ्यांत, सागाच्या रानांजवळ वसलेल्या आमच्या किनवटास हा पालट फारच झपाट्यानें झाला. भोंवतालच्या गोंड-कोलामांच्या वस्त्यांतून आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून महाविद्यालयांत येणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या घरांत पदवीपर्यंत पोंचणारें माणूस तेंच पहिलें. घरीं ग्रंथांचें कपाट नाहीं, मोबाईल मात्र आहे.

आमच्याकडे संध्याकाळीं अशीं पांच-सहा मुलें येऊन बसतात. आम्ही एखादा प्रश्न घालतों आणि उत्तर कसें शोधतात तें पाहतों. एकदां विचारलें, “आपला सहस्रकुंडचा धबधबा कोणत्या जिल्ह्यांत?” कोणास नांदेड सांपडलें, कोणास यवतमाळ, आणि वादास तोंड फुटलें. शेवटीं नकाशा उघडविला. तेथें पैनगंगा हीच दोन जिल्ह्यांची सीमा. अलीकडे आमच्या तालुक्यांतील इस्लापूर, पलीकडे उमरखेड तालुका. लिहिणारे दोघेही खोटे नव्हते. ज्यानें त्यानें आपल्या तीरावरून पाहून लिहिलें होतें.

पुढें एकदां प्रश्न घातला, “किनवट स्वतंत्र कधीं झालें?” क्षणांत उत्तर आलें : १५ ऑगस्ट १९४७. देशापुरतें तें बरोबर. पण किनवट त्या दिवशीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें, आणि तें संस्थान मुक्त झालें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं. ज्या विद्यापीठाची पदवी हीं मुलें घेणार, त्यास त्याच लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचें नांव आहे, आणि त्याची स्थापनाही १७ सप्टेंबर १९९४ ची! शोधतांना ‘हैदराबाद संस्थान’ एवढे दोन शब्द घातले असते तर बरोबर उत्तर समोर आलें असतें. काय विचारावें हें कळणें, ही अर्धी विद्या झाली.

उरलेली अर्धी म्हणजे सांगणारा कोण हें पाहणें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील सॅम वाइनबर्ग व सारा मॅक्ग्रू ह्यांनीं २०१७ सालीं एक अभ्यास पुढें मांडला. १० इतिहासपंडित, २५ विद्यार्थी आणि बातम्यांचा खरेखोटेपणा पडताळण्याचा व्यवसाय करणारे १० जण ह्यांस त्यांनीं कांहीं संकेतस्थळें पारखावयास दिलीं. पंडित आणि विद्यार्थी पुष्कळदां भारदस्त नांवास व बोधचिन्हास भुलले. पडताळणी करणारे मात्र त्या पानावर न रेंगाळतां बाहेर पडले आणि इतरत्र त्या संस्थेविषयीं काय म्हटलें आहे तें पाहूं लागले. आमच्या वाचकांस ह्यांत नवल तें काय वाटणार? मुलीस स्थळ सांगून आलें म्हणजे वराकडील मंडळींनीं दिलेल्या टिपणावरच विसंबून कोणी सुपारी फोडतो काय? आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांस, दूरच्या नातलगांस विचारतों, आणि मगच पाऊल टाकतों. संकेतस्थळ हेंही एक स्थळच!

ही चौकशी केवळ निबंधापुरती नाहीं. गेल्या वर्षीं एका मुलीस संदेश आला कीं शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, बँकेचा तपशील व ओटीपी आजच कळवावा. त्या पैशांवरच तिचें शिक्षण अवलंबून. ती अधीर झाली होती. आम्ही एवढेंच विचारलें, “ही घाई कोणाला आहे, बाळ?” ती थांबली. संदेशांतील दुव्यास हात न लावतां तिनें शासनाचें ‘महाडीबीटी’ संकेतस्थळ स्वतः उघडलें. तिचा अर्ज तेथें अद्याप तपासणींतच होता. संदेश बनावट होता.

हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र सफाईदार मराठींत उत्तरें देतें, आणि प्रसंगीं मुळांत नसलेल्या ग्रंथाचें नांवही तितक्याच ठामपणें सांगतें. म्हणून, त्यानें सांगितलेला ग्रंथ एखाद्या ग्रंथालयाच्या सूचींत स्वतः पाहिल्यावांचून तो लेखांत घालूं नये, असा आमच्याकडे दंडक आहे. ‘मराठी विश्वकोश’ आज इंटरनेटवर विनामूल्य वाचतां येतो. ‘शोधगंगा’ ह्या संग्रहांत भारतीय विद्यापीठांतील प्रबंध मिळतात. किनवटांत बसून एवढें हातीं येतें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

एकत्र कुटुंबांत चौकशीचा अनुभव वडिलांपाशीं असतो आणि मोबाईलवरील चपळाई नातवंडांपाशीं. व्हॉट्सॲपवर येणारा मजकूर पुढें धाडण्यापूर्वीं दोघांनीं मिळून तो पारखला तर दोघांसही लाभ. ज्या विद्यार्थ्याच्या घरीं अशी जोडी नाहीं, त्यास आठवड्यांतून एक संध्याकाळ आपल्या ओसरीवर बोलवावें. उत्तर आपण सांगूं नये, तो शोधीत असतां जवळ बसावें, आणि मधून मधून विचारावें, “बाबा, हें सांगतो कोण, आणि त्यास तें ठाऊक कसें?”