वीट

जिन्याच्या दाराला लावलेली ती वीट मीच आणली होती.

आमचा चौदावा मजला. चाळीतून इथं आल्यावर आईला बोलायला कुणी मिळेना. जिन्याच्या खिडकीतून वारा यायचा, म्हणून ती आणि शेजारच्या काकू तिथं भाजी निवडत बसायच्या. पण ते दार जड, आपोआप मिटणारं. आईचं मनगट दुखायचं. मग मी वीट लावून दिली.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री सहाव्या मजल्यावर विजेच्या मीटरपाशी आग लागली. अर्ध्या तासात विझलीही. आमच्यापर्यंत धूर तेवढा आला. गरम धूर वर चढतो. उंच जिना म्हणजे त्याला आयतं धुराडं. सहाव्यावरच्या दारालाही कुणीतरी कुंडी लावून ठेवली होती.

“खाली जायचं का रे?” आईनं विचारलं. जिन्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. मी पायानं वीट सरकवली, दार मिटलं, घराच्या दाराखाली ओला टॉवेल कोंबला. आई बाल्कनीत खोकत बसली.

नंतर मी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या आगीबद्दल वाचलं. ९ जानेवारी २०२२. १९ मजली इमारत, एका घरात रूम हीटरमुळे लागलेली आग. ज्वाळा ते घर आणि बाहेरचा पॅसेज यापलीकडे फारशा गेल्या नाहीत. पण घरातली माणसं बाहेर पडल्यावर दार मिटलंच नाही. वर जिन्याचंही एक दार उघडं होतं. धूर जिन्यातून वर पसरला. १७ माणसं गेली, त्यांत ८ मुलं. सगळी धुरानं.

अनेक नव्या टॉवरमध्ये आग लागली की पंखे बंदिस्त जिन्यात ताजी हवा भरतात. आतला दाब साधारण ५० पास्कलनं जास्त असला, की हवा फटींतून बाहेर ढकलली जाते आणि धूर आत शिरत नाही. चार दारं विटा लावून उघडी ठेवली, तर हा दाब टिकत नाही. आमच्या जिन्यात तर पंखाही नाही. आहेत ती फक्त दारं.

वीट काढली तेव्हा आई म्हणाली, “मग आम्ही बसायचं कुठं?”

आता काकू आमच्या हॉलमध्ये येतात. घराचं दार आई अजूनही उघडंच ठेवते, चाळीतल्यासारखं. आग लागली तर बाहेर पडताना ते ओढून घ्यायचं, एवढं मी तिच्याकडून वदवून घेतलंय.