माझे बोलणे ती कोणाला सांगते?

पेणच्या माझ्या दवाखान्यात गेल्या वर्षी समुपदेशन शिकणारी एक मुलगी आठवड्यातून एकदा बसत असे. रोह्याहून मेमूने येणाऱ्या एका आजींची (तपशील थोडे बदलले आहेत) यजमान गेल्यापासून झोप उडाली होती. मी त्यांना तिच्याकडे पाठविले. तिसऱ्या भेटीनंतर आजी तावातावाने माझ्यापुढे उभ्या.

“डॉक्टर, मी विश्वासानं सुनेचं सांगितलं, आणि ती म्हणे ते ठाण्याच्या बाईंना सांगते!”

वाचकहो, हा राग रास्त होता. शिकाऊ समुपदेशकाने आपले काम अनुभवी व्यक्तीसमोर मांडायचे असते. त्याला पर्यवेक्षण म्हणतात. तिथे तपासणी होते ती शिकणाऱ्याची : सल्ल्याची घाई केली का, स्वतःचेच दुःख मध्ये आणले का, ‘जगणे नको’ हे शब्द ऐकून पुढचा प्रश्न विचारायचा राहिला का. रुग्णाचे नाव-गाव सांगण्याची गरज नसते आणि पर्यवेक्षकही गोपनीयतेने बांधलेला असतो. पण हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे. ते आमच्याकडून राहिले.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या नैराश्यावरील कामात समुपदेशक भेटींची ध्वनिमुद्रणे एकत्र ऐकत आणि एकमेकांना गुण देत. ही माणसे व्यावसायिक मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. तिथल्याच, साठी ओलांडलेल्या १८१ जणांच्या अभ्यासात (२०१९) अशा समुपदेशकांची मदत मिळालेल्या ९१ पैकी ४ जणांना वर्षभरात तीव्र नैराश्य आले. इतर ९० पैकी १३ जणांना.

मला मात्र त्या मुलीचा थोडा हेवाच वाटला. तरुण मुलगा गमावलेल्या एका वडिलांना मी पूर्वी “मन घट्ट करा” म्हणून रक्तदाबाची गोळी लिहून दिली होती. ते पुन्हा आले नाहीत. माझे ते वाक्य तपासणारे कोणीच नव्हते.

आपल्या घरातील ज्येष्ठांना समुपदेशकाकडे नेताना निःसंकोच विचारा : तुमचे काम कोण पाहते? त्यांना काय सांगाल? ध्वनिमुद्रण आमच्या संमतीनेच ना? उत्तर देताना जो चिडेल, त्याच्याकडे जाऊ नका. तातडीच्या वेळी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहेच.

पुढच्या आठवड्यात मुलीने आजींची क्षमा मागितली आणि सारे समजावून सांगितले. आजींनी अट घातली, “सुनेचं नाव घ्यायचं नाही.” मुलीने ती वहीत लिहून घेतली. मग आजी खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या,

“बरं, माझ्या झोपेबद्दल काय म्हणाल्या गं त्या बाई?”