सगळं हाकेच्या अंतरावर

सिंगापूरला राहतो म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर मरीना बेच्या उंच इमारती येतात. आमचं रोजचं आयुष्य मात्र टॅम्पिनीस नावाच्या गावात चालतं. गाव हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. इथलं सरकारी गृहनिर्माण मंडळ, म्हणजे एचडीबी, अशा वसाहतींना अधिकृतपणे 'टाउन'च म्हणतं. टॅम्पिनीस देशाच्या पूर्वेला, चांगी विमानतळाच्या जवळ. टेम्पिनीस नावाच्या टणक लाकडाच्या झाडावरून हे नाव पडलं. एकेकाळी इथे वाळूच्या खाणी होत्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरं बांधायला सुरुवात झाली आणि १९९२ साली या गावाच्या आखणीला जागतिक अधिवास पुरस्कार मिळाला.

अडीच लाखांहून जास्त वस्ती, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या सातारा शहराच्या दुपटीहून अधिक. मग हे लहान गाव कसं? मी तिथेच येतेय.

माझं माहेर विट्याचं, सांगली जिल्ह्यातलं. गावाला रेल्वे नाही. बऱ्यापैकी पुस्तक हवं तर सांगली, मोठा डॉक्टर हवा तर सांगली किंवा मिरज. कॉलेजात असताना लहान गावाचे तोटे कुणी विचारले असते, तर मी हीच यादी सांगितली असती. टॅम्पिनीसने ती यादी एकेक करून खोडून टाकली. दोन मेट्रो मार्ग, स्टेशनाला लागून तीन मॉल, चालत जाण्याच्या अंतरावर दवाखाना, शाळा, बाजार. 'अवर टॅम्पिनीस हब' नावाच्या एकाच संकुलात अनेक मजल्यांचं वाचनालय, पोहण्याचे तलाव, फुटबॉलचं मैदान आणि सरकारी कामांच्या खिडक्यासुद्धा. माणसाला गावाबाहेर जावंच लागू नये, अशा विचाराने केलेली ही आखणी आहे आणि ती यशस्वी झाली आहे.

सगळ्या सोयी मिळाल्यावर लहान गावाचा जो तोटा शिल्लक राहिला, तोच खरा असणार, असं मला आता वाटतं.

इथून डाउनटाउन लाइनने तिसरं स्टेशन म्हणजे एक्स्पो. तिथे चांगी बिझनेस पार्क आहे. अनेक बँकांच्या तंत्रज्ञान विभागांची ऑफिसं तिथे आहेत आणि त्यांत भारतीयांची संख्या मोठी. त्यामुळे टॅम्पिनीस, सिमेई, बेडोक या पट्ट्यात आपली माणसं दाटीने राहतात. अडीच लाख लोकांत माझं गाव आहे ते दोन-अडीचशे घरांचं. ज्यांच्याबरोबर नवरा काम करतो, त्यांचीच मुलं माझ्या मुलीच्या वर्गात. त्यांच्याच बायका संध्याकाळी खाली व्हॉइड डेकमध्ये भेटतात, तेच गणपतीच्या आरतीला. ज्याच्याकडे मुलाखतीला जायचं, तो शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतो आणि त्याची आई माझ्या सासूबाईंबरोबर फिरायला जाते.

मोठ्या शहरात माणसाची वर्तुळं वेगवेगळी असतात. ऑफिसात मान खाली गेली, तरी सोसायटीत ती वर ठेवता येते. लहान गावात ही सगळी वर्तुळं एकमेकांवर बसतात. एका ठिकाणी पडलेला डाग सगळीकडे दिसतो.

"तुमचं बरं आहे गं, तिथे कोण कोणाला ओळखतंय," असं आई फोनवर म्हणते, तेव्हा मला हसू येतं. विट्यात एसटी स्टँडवर मी कोणाशी बोलत होते, ते मी घरी पोचायच्या आधी पोचलेलं असायचं. इथे तेवढ्यासाठी व्हॉट्सॲप आहे.

तोपर्यंत ठीक आहे. गोष्ट नोकरीवर आली की मात्र हसण्यासारखं राहत नाही. आमच्यापैकी बहुतेक जण एम्प्लॉयमेंट पासवर आहेत. नोकरी संपली की कंपनी पास रद्द करते आणि त्यानंतर देशात राहायला साधारण ३० दिवस मिळतात. बायकोमुलांचे पासही त्याच पासवर टांगलेले. भाड्याच्या घराचा करार, मुलांची शाळा, सगळं त्या एका कार्डावर उभं असतं.

माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याची नोकरी अशीच गेली. नोटीसचे दोन महिने होते, पण उद्यापासून ऑफिसात येऊ नका, असं सांगितलेलं. हा माणूस रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून नेहमीच्या वेळी घराबाहेर पडत राहिला. टॅम्पिनीसच्या वाचनालयात बसणं शक्य नव्हतं, कारण आमची अर्धी मुलं तिथेच अभ्यासाला जातात. फूड कोर्टात कुणी ना कुणी भेटणारच. म्हणून तो मेट्रोने जुराँग ईस्टला जायचा, बेटाच्या पार पश्चिमेला. त्याच एका मार्गावर, पण पाऊण तासाहून जास्त लांब. तिथल्या वाचनालयात बसून अर्ज करायचा आणि संध्याकाळी ऑफिस सुटण्याच्या वेळेला परत यायचा. त्या दोन महिन्यांत तो मला लिफ्टमध्ये कितीदा तरी भेटला असेल. "काय, आज लवकर?" एवढंच आमचं बोलणं.

शेवटी त्याला पुण्यात काम मिळालं. सामान बांधून झाल्यावर मैत्रिणीने मला हे सांगितलं. "अगं, रोज दोन वेळचं भाडं घालून तो अनोळखी होऊन यायचा," ती म्हणाली.

यातलं मला सर्वांत लागलेलं वेगळंच आहे. आमच्या त्या दोनशे घरांत त्याचा अर्ज पुढे सरकवू शकतील असे निदान दहा जण होते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हीच माणसं एकमेकांच्या दाराला डबे अडकवून जात होती. मदतीला कुणी कमी पडलं नसतं. पण मदत मागायची तर आधी सगळ्यांना कळू द्यावं लागतं आणि इथे 'सगळ्यांना' म्हणजे खरोखर सगळ्यांना. एकालाच सांगावं अशी सोयच लहान गावात नसते.

विट्यात हे कसं निभावायचे, याचा मी विचार करत राहिले. आमच्याकडची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी भारतभर पांगलेली. कुणाचा तिकडे बसलेला जम मोडायचा आणि एक दिवस रात्रीच्या गाडीने सगळं कुटुंब गावी यायचं, ट्रंकांसकट. गल्लीला ते दिसायचंच. पण माझी आजी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे विरजणासाठी वाटी पाठवायची आणि आम्हाला दम द्यायची, "कधी आला, किती दिवस राहणार, असलं काही विचारायचं नाही." महिना-दोन महिन्यांनी ते लोक आपणहून बोलायचे. कुजबुजणारेही होते, पण तोंडावर न विचारण्याची रीत बहुतेक जण पाळायचे. इतक्या जवळ राहायचं तर दिसलेलं न पाहिल्यासारखं करावं लागतं, हे जुन्या गावाला अनुभवाने कळलं होतं.

आमचं टॅम्पिनीसचं मराठी गाव अजून तेवढं जुनं नाही. दर दोन-तीन वर्षांनी निम्मी घरं बदलतात, रीत मुरायला वेळच मिळत नाही. एचडीबीने फुटपाथ, दवाखाने, बाग, सगळं मोजून दिलं. ही एक गोष्ट आमची आम्हालाच तयार करावी लागणार. लिफ्टमध्ये दुपारी बारा वाजता कुणी ओळखीचं भेटलं, तर मी आता वेळेचा विषय काढत नाही. पावसाबद्दल बोलते. सिंगापुरात तो विषय बाराही महिने पुरतो.